नुसतं ‘चक्कर येते’ म्हणू नका : एमएसमधल्या गरगरण्याशी जमवून घेताना

आमच्या घरी चकरेची कारणं वेळेवरून ठरतात. सकाळी आली तर पित्त, दुपारी आली तर ऊन, संध्याकाळी आली तर ‘काही खाल्लं नसशील’. मला पहिल्यांदा गरगरलं तेव्हा सासूबाईंनी आलं-लिंबाचं पाचक दिलं, शेजारच्या काकूंनी बीपी बघून घ्यायला सांगितलं आणि ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी ‘मानेच्या मणक्यात गॅप आहे’ म्हणून पट्टा दिला. तीन आठवडे तो पट्टा घालून मी कर्वेनगर ते डेक्कन ऑफिसला जात होते. चौथ्या आठवड्यात समोरचं एकाचं दोन दिसायला लागलं, एमआरआय झाला आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजेच एमएस, हे नाव पहिल्यांदा ऐकलं. त्याला आता नऊ वर्षं झाली.

ज्यांचं निदान नवीन आहे आणि ज्यांच्या पायाखालची फरशी अधूनमधून हलते त्यांच्यासाठी, आणि तेवढंच त्यांच्या घरच्यांसाठी, हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. औषधांची नावं पुढे येतील ती डॉक्टर बोलतील तेव्हा ओळखीची वाटावीत म्हणून. चिठ्ठी करून मेडिकलमध्ये पळू नका.

आत्ता, या क्षणी गरगरत असेल तर

आहात तिथेच खाली बसा. पलंग गाठायचा, दाराची कडी काढायची, असलं काही मनात आणू नका. फरशीवर बसलेलं माणूस पडून पडून किती पडणार! पाठ भिंतीला, तळवे जमिनीला. डोळे उघडे ठेवून न हलणारी एकच वस्तू धरा : स्विचबोर्ड, कॅलेंडरचा खिळा, काहीही. घरात कोणी असेल तर आधी गॅस आणि मग पंखा बंद करायला सांगा, फिरता पंखा त्या वेळी बघवत नाही. खोलीत पूर्ण अंधार करू नका. आडवं व्हावंसं वाटलं तर ज्या कुशीवर कमी फिरतं त्या कुशीवर, उशी जरा उंच. उलटी होत असेल तर उताणं झोपायचं नाही. पाणी एकेक घोट. नाकाशी कांदा धरायला कोणी आलंच तर प्रेमाने परत पाठवा.

मात्र गरगरण्याबरोबर जीभ जड झाली, तोंड एका बाजूला ओघळलं, एकाएकी हात किंवा पाय लुळा पडला, कधी नव्हे इतकं डोकं ठणकलं किंवा शुद्ध हरपायला लागली, तर वाट न बघता १०८ ला फोन करा. एमएस आहे म्हणून पक्षाघात होणार नाही, असा करार आपल्याशी कोणी केलेला नाही. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांना गाठा.

मग ‘चक्कर’ या शब्दाचे तुकडे करा

मराठीत आपण पाच निरनिराळ्या गोष्टींना चक्कर म्हणतो आणि डॉक्टरांपुढे बसल्यावर नेमका तोच शब्द टाकून मोकळे होतो. पुढचे सगळे उपाय या पाचांतलं काय होतंय यावर ठरतात, म्हणून इथे वेळ घालवा.

गरगरणं म्हणजे खोली फिरते किंवा आपण फिरतो आहोत असं वाटतं, पडून राहिलं तरी. हाच खरा व्हर्टिगो. एमएस असलेल्या साधारण पाचांतल्या एकाला तो कधी ना कधी होतो. भोवळ वेगळी : उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि बसलं की जाते. तिथे बीपी बघायचं आणि गोळ्यांची यादी बघायची, कारण पायांच्या कडकपणासाठी देतात त्या टिझॅनिडिनसारख्या गोळीनेही बीपी उतरतं. तिसरं, तोल जाणं. डोकं शांत असतं, काही फिरत नसतं, पण पाय फाकवून चालावं लागतं आणि अंधारात तर भिंत हवीच. चौथं, डोकं तरंगल्यासारखं, कापूस भरल्यासारखं. हे थकव्यात, अपुऱ्या झोपेत, घाबरल्यावर आणि नसांच्या दुखण्यासाठी दिलेल्या काही औषधांनी होतं. पाचवं मला सांगायलाच दोन वर्षं लागली : चालताना दुकानांच्या पाट्या थरथरतात, अक्षरं नाचतात, थांबलं की स्थिर होतात. ही डोळ्यांच्या हालचालीची गडबड असते आणि ती न्यूरॉलॉजिस्टना मुद्दाम सांगायची असते.

इतके प्रकार का, तर शरीर तोल सांभाळतं ते तीन ठिकाणच्या बातम्यांवर : कानाच्या आतला भाग, डोळे, आणि तळपाय-सांध्यांकडून येणारी जाणीव. या तिन्ही बातम्या मेंदूच्या देठात आणि लहान मेंदूत एकत्र येतात. एमएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरचं मायलिनचं वेष्टण खाते. ती जखम देठात झाली तर गरगरतं, लहान मेंदूत झाली तर तोल जातो, पाठीच्या कण्यात झाली तर तळपायाची बातमी वरपर्यंत पोचत नाही. एकाच माणसात हे तिन्ही असू शकतं. माझ्यात आहे.

घड्याळ बघा

गरगरणं किती वेळ टिकलं हा दुसरा प्रश्न. मला तो एका फजितीतून कळला.

चार वर्षांपूर्वी पहाटे कूस बदलली आणि खोली भिंगरीसारखी फिरली. मी ठरवूनच टाकलं की रिलॅप्स, म्हणजे एमएसने पुन्हा उचल खाल्ली. नवऱ्याला उठवलं, बॅग भरली, स्टेरॉइडच्या सलाइनसाठी हॉस्पिटलात जायचं म्हणून ऑफिसला तीन दिवसांची रजाही कळवली. न्यूरॉलॉजिस्टनी एवढंच विचारलं, “एका वेळी किती सेकंद फिरतं?” मी म्हटलं, सेकंद कुठले, सकाळपासून चालू आहे. पण नीट आठवल्यावर कळलं, डोकं हलवलं की अर्धा मिनिट फिरत होतं, मध्ये थांबत होतं. त्यांनी मला बसवून, मान एका बाजूला वळवून झटकन आडवं केलं, डोळ्यांची थरथर बघितली आणि कानाच्या डॉक्टरांकडे धाडलं. तिथे डोकं ठरावीक क्रमाने चार बाजूंना वळवण्याची क्रिया केली, तिला एपली म्हणतात, आणि दहा मिनिटांत मी उठून रिक्षाने घरी आले. रजा तेवढी वाया गेली.

झालं होतं ते बीपीपीव्ही. कानात कॅल्शियमचे बारीक कण असतात. ते जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळ्यांमध्ये शिरले की डोकं हलवल्यावर काही सेकंद, फार तर मिनिटभर सगळं फिरतं. हे कोणालाही होतं आणि एमएस असलेल्यांनाही भरपूर होतं. म्हणून नव्यांना माझं पहिलं सांगणं हेच की प्रत्येक गरगर एमएसच्या खात्यावर लिहू नका. मायग्रेनमुळेही गरगरतं, कानाच्या संसर्गानेही.

उलट बाजूही खरी आहे. देठातली जखम कधी कधी हुबेहूब बीपीपीव्हीसारखी वागते. त्यामुळे पहिल्या वेळी मोबाइलवरचा व्हिडिओ लावून घरच्या घरी एपली करत बसू नका. कोणता कान, कोणती नळी, मानेचं काही दुखणं आहे का, हे आधी तपासून घ्यावं लागतं. एकदा डॉक्टरांनी शिकवलं की मग पुढच्या वेळी करता येतं.

रिलॅप्सचं घड्याळ वेगळं. नवीन त्रास, किंवा जुनाच पण ठळकपणे वाढलेला, सलग २४ तासांहून जास्त टिकला, अंगात ताप नाही, संसर्ग नाही, तर डॉक्टर रिलॅप्स म्हणतात. गरगरणं दिवसचे दिवस चालतं आणि बरोबर बहुधा आणखी काही असतं : दोन-दोन दिसणं, चेहऱ्याला बधिरपणा, घास गिळताना अडखळणं. अशा वेळी लघवीची तपासणी सांगितली तर ‘चकरेचा आणि लघवीचा काय संबंध’ म्हणू नका. लघवीच्या संसर्गाने जुनी लक्षणं पुन्हा वर येतात, आणि संसर्ग असताना स्टेरॉइड देणं धोक्याचं. रिलॅप्स पक्का झाला तर साधारणपणे मिथाइलप्रेडनिसोलोन रोज १ ग्रॅम, ३ ते ५ दिवस शिरेतून देतात. त्याने बरं होणं लवकर होतं, पण शेवटी किती बरं व्हायचं ते त्याने फारसं बदलत नाही. म्हणूनच सौम्य रिलॅप्सला डॉक्टर कधी कधी ‘थांबून बघू’ म्हणतात. ते टाळाटाळ करत नसतात. साखर वाढते, झोप उडते, तोंडाला धातूची चव येते, हे सलाइन लावण्याआधीच घरच्यांना सांगून ठेवा.

तिसरं घड्याळ उन्हाचं. अंग तापलं की जखमी तंतूंमधून संदेश आणखी अडखळत जातात. १८९० मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी हे टिपलं, म्हणून याला उथॉफचा परिणाम म्हणतात. अंग थंड झालं की त्रास ओसरतो आणि नवीन इजा झालेली नसते. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा हे लक्षात ठेवलं तर निम्मी धास्ती कमी होते.

वही

साधी दोनशे पानी, फोनमध्ये नको; गरगरताना स्क्रीन बघवत नाही. माझ्या वहीतली एक नोंद अशी : ‘मंगळवार, सकाळी ६:४०, उजव्या कुशीवर वळताना, २० सेकंद, मळमळ, उलटी नाही, कान ठीक, ताप नाही, आदल्या रात्री झोप ४ तास.’ एवढं पुरतं. शक्य झालं तर घरच्या माणसाला गरगरण्याच्या वेळी तुमच्या डोळ्यांचा अर्ध्या मिनिटाचा जवळून व्हिडिओ काढायला सांगा. अपॉइंटमेंट मिळेपर्यंत चक्कर थांबलेली असते आणि डोळे कोणत्या दिशेला थरथरत होते हे डॉक्टरांना त्या व्हिडिओत दिसतं.

गोळ्यांचा डबा

प्रत्येक घरात चकरेची एक पट्टी असतेच, कोणाच्या तरी घाटातल्या प्रवासासाठी आणलेली. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, मेक्लिझिन ही त्यातली नावं. या गोळ्या गरगर आणि मळमळ दाबतात, आणि पहिले दोन-तीन दिवस त्या मोठा आधार असतात. पण महिनोन् महिने घेतल्या तर घोटाळा होतो. बिघडलेल्या बातम्यांशी मेंदू हळूहळू जुळवून घेत असतो आणि या गोळ्या त्यालाच पेंगवतात. प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन फार काळ घेतल्याने हातपाय कंप पावणं, हालचाल मंदावणं असे त्रासही होऊ शकतात. बीटाहिस्टिन जरा वेगळ्या जातीचं, ते मुख्यतः मेनिएर नावाच्या कानाच्या आजारात देतात. चिठ्ठीवर ‘किती दिवस’ लिहिलेलं नसेल तर विचारून लिहून घ्या.

डोकं हलवायला घाबरू नका

हे सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या रिलॅप्सनंतर मी दीड महिना मान अवघडून बसले होते. भाजी चिरायची तरी पूर्ण अंग वळवून. डोकं हललं नाही तर गरगरत नाही, हे खरंच आहे. पण मेंदूला सरावच मिळाला नाही तर तो शिकणार कसा?

तीव्र दिवस सरले की तोलाच्या व्यायामांचं प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडे जा. फोन करतानाच ‘व्हेस्टिब्युलर रिहॅब करता का’ असं विचारा, नाही तर गुडघ्यांचे व्यायाम शिकून याल. ते तपासून तुमच्यापुरतं ठरवून देतील. अंदाज यावा म्हणून माझा क्रम सांगते.

खुर्चीत ताठ बसायचं, हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरायचा. नजर अंगठ्याच्या नखावर, आणि मान ‘नाही नाही’ म्हणावं तशी डावी-उजवीकडे. नख स्पष्ट दिसेल इतक्याच वेगाने. अर्धा मिनिट. मग ‘हो हो’सारखी वर-खाली, अर्धा मिनिट. दिवसातून तीनदा. आठवड्याने हेच उभं राहून, खोलीच्या कोपऱ्याकडे पाठ आणि समोर जड खुर्ची, म्हणजे कुठेही गेलात तरी आधार. त्यानंतर पावलं जुळवून उभं राहणं, मग एका पावलापुढे दुसरं, मग घडी घातलेल्या गोधडीवर. डोळे मिटून करायचं ते मात्र कोणी शेजारी उभं असेल तेव्हाच.

या व्यायामांनी थोडं गरगरणार, ते अपेक्षितच आहे. थांबल्यावर पंधरा-वीस मिनिटांत निवलं तर माप बरोबर. तासभर राहिलं किंवा ओकारी आली तर उद्या निम्मं करा. व्यायाम सकाळी गारव्यात, दमण्याआधी. पहिले दहा दिवस काहीच फरक पडत नाही आणि चिडचिड होते. फरक दिसायला मला पाच-सहा आठवडे लागले.

घर

सुरुवात बाथरूमपासून. बादलीतून तांब्याने पाणी घेताना आपण वाकतो, आणि केसांना शांपू लावला की डोळे मिटतो. म्हणजे ओल्या फरशीवर कान गोंधळलेला, डोळे बंद. प्लास्टिकचं रुंद स्टूल घ्या, बादली दुसऱ्या स्टुलावर ठेवा, आणि भिंतीत स्टीलचा दांडा ठोकून घ्या. टॉवेलचा दांडा चालत नाही, तो हातात येतो (आमचा आला). पाणी कोमट. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला कढत पाण्याचा आग्रह होतो तिथे उथॉफसाहेबांचं नाव सांगा.

मग वर बघण्याची कामं. छताजवळच्या दांडीवर काठीने कपडे वाळत घालणं हा मान मागे टाकून करायचा उद्योग आहे. तो सोडा आणि खाली ठेवायचा स्टँड आणा. माळ्यावर चढणं बंद. रोजचे डबे छाती ते कंबर एवढ्या उंचीत. वाकून फरशी पुसणंही दुसऱ्याकडे. देवाला नमस्कार उभ्यानेच. सासूबाईंनी याला सगळ्यात आधी मान्यता दिली, याचं मला आश्चर्य वाटलं. रात्री पलंग ते संडास या वाटेवर झीरोचा दिवा, कारण अंधारात तिघांतला डोळा हा साक्षीदार गैरहजर असतो. उठताना आधी बसून मनातल्या मनात वीस अंक मोजा.

पुण्यात घराबाहेर

गरगरण्याच्या काळात दुचाकी चालवायची नाही. पुण्यात हे म्हणजे हातपाय बांधून ठेवल्यासारखं आहे, ठाऊक आहे. पण लायसन्ससाठी भरतो त्या फॉर्म १ मध्येसुद्धा फिट आणि अचानक येणारी चक्कर याबद्दल स्पष्ट विचारलेलं असतं. पुन्हा कधी सुरू करायची ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. मी स्कूटर पुतणीला देऊन टाकली. पहिल्या महिन्यात रडले, नंतर रिक्षाच्या खर्चाची आणि पेट्रोलची बेरीज केली तर फार फरक नव्हता.

तुळशीबाग हा वेगळा धडा. डोक्यावर लटकलेली पाकिटं, चकाकणाऱ्या बांगड्या, चारी बाजूंनी सरकणारी माणसं. डोळ्यांवर जास्त विसंबणाऱ्या मेंदूला एवढी हालचाल झेपत नाही आणि उभ्या-उभ्या गरगरतं. सुपरमार्केटच्या रांगांमध्ये आणि स्क्रीनवर भरभर वर-खाली सरकवतानाही हेच होतं. उपाय म्हणजे दुकानं उघडता उघडता, आठवड्याच्या मधल्या वाराला जायचं, आणि नजर गर्दीवर न ठेवता दूरच्या एका पाटीवर ठेवून तिथपर्यंत चालायचं. मग पुढची पाटी.

मेट्रो मला मानवते. मंडई आणि स्वारगेटची स्थानकं जमिनीखाली आहेत, तिथे सरकत्या जिन्यापेक्षा लिफ्ट घ्या. पीएमपीच्या बसमध्ये जाण्याच्या दिशेला तोंड असलेली जागा मागा, आणि बस पूर्ण थांबल्याशिवाय उठू नका, कंडक्टर कितीही ‘चला चला’ म्हणू देत. साताऱ्याकडे जाताना जुन्या कात्रज घाटाऐवजी नवा बोगदा, आणि पुढची सीट. पावसाळ्यात शेवाळलेल्या शहाबादी फरशीवर जायचंच नाही, वळसा पडला तरी चालेल. उन्हाळ्यात बाहेरची कामं सकाळी दहाच्या आत, गळ्यात ओलं उपरणं, सोबत गार पाण्याची बाटली. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडवर मी जात नाही, ढोल-ताशा टीव्हीवर.

काठी घ्या. घडीची मिळते. काठीने तोल जितका सावरतो त्याहून जास्त समोरचा दुचाकीवाला सावरतो. लोक ‘एवढ्या लहान वयात?’ विचारतील. पण काठी नसताना एकदा मला भर रस्त्यात ‘दिवसाढवळ्या पिऊन आलीय’ हे ऐकावं लागलंय, त्यापेक्षा हा प्रश्न परवडला.

कागद आणि माणसं

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरॉसिसचं नाव आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी होते. बहुतेक सवलतींना ४० टक्क्यांची अट असते. तपासणी तुमच्या बऱ्या दिवशी आली तर वाईट दिवसांचा पुरावा म्हणून वही, एमआरआयचे अहवाल आणि डिस्चार्जचे कागद सोबत न्या. फाइल जाड असेल तर पाठपिशवीतून न्या, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात.

मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडियाची पुण्यात शाखा आहे. पहिल्या भेटीला मी फारशी उत्सुक नव्हते. तिथे एका बाईंनी विचारलं, “तुमची खोली घड्याळाच्या दिशेने फिरते की उलटी?” माझ्या घरात हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. आम्ही पाऊण तास त्यावरच बोललो.